मसरुफाच्या मापाची नाव

बावीस वर्षं मसरुफा ओरांगउटान दाखवायला नेणाऱ्या नावांवर स्वयंपाक करत होती, आणि बावीस वर्षांत तिने नावेवरून एकही ओरांगउटान धड पाहिला नव्हता. नदीकाठच्या कुमाई बंदरात याचं कोणाला आश्चर्य वाटत नसे, कारण तिथल्या सगळ्याच स्वयंपाकिणींची हीच गत. पाहुणे वरच्या मजल्यावर, वाऱ्यात, गाद्यांवर रेललेले. स्वयंपाकीण खाली, पार मागे, इंजिनाच्या शेजारी, कमरेत वाकलेली. खिडकी म्हणून जी फट ठेवलेली असे तिच्यातून फक्त पाणी दिसे, तेही मागे पडलेलं.

वरून वाटाड्या ओरडे, "डावीकडे!" की सगळे पाहुणे डावीकडे धावत. नाव डावीकडे कलायची आणि तिच्याबरोबर मसरुफाच्या कढईतलं तेलही. त्या तेलावरून तिला बाहेरची बातमी कळे. तेल जरासं कललं तर लांबनाक्या माकडांची टोळी, कढईच्या काठाशी आलं तर ओरांगउटान, आणि सांडलंच तर पिल्लू घेतलेली आई. हात पुसून, शिडी चढून ती वर पोचेपर्यंत तिच्या वाट्याला हलणारी फांदी तेवढी येई. "मी बघितलेल्या हलत्या फांद्या एका ठिकाणी लावल्या तर आणखी एक जंगल होईल," असं ती म्हणे. म्हणताना हसे, पण तिला ते मनापासून लागत असे.

म्हणून नवऱ्याने, कासफुलने, स्वतःची नाव बांधायची ठरवली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. कासफुलही इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावांवर तांडेल होता. सुकाणू धरायचा, नाव मात्र कोणा दुसऱ्याची.

"लिनाचे आबा," ती म्हणाली. लिना त्यांची मुलगी, लग्न होऊन साम्पितला गेलेली, पण नवऱ्याला हाक मारायला अजून तिचंच नाव कामी येई. "मला ताठ उभं राहता येईल असं स्वयंपाकघर पाहिजे. आणि त्याला काठ दिसेल अशी खिडकी."

"दिली," कासफुल म्हणाला. द्यायला त्याचं काही जात नव्हतं. नाव तेव्हा अजून झाडातच होती.

नाव बांधायला घेतली जुलाक सरकानीने. जुलाक म्हणजे थोरला काका. तो कोणाचा सख्खा काका नव्हता आणि सगळ्या कुमाईचा होता. त्याने आयुष्यात कधी कागदावर नाव काढली नव्हती. कागद भिजतो, माणूस भिजला तरी माणूसच राहतो, म्हणून मापं माणसाच्या अंगावरून घ्यायची, हा त्याच्या बापाचा नियम आणि त्याचाही. नावेचा कणा, म्हणजे तळाचा मुख्य वासा, आधी मालकाच्या वावेने मोजायचा, दोन्ही हात पसरून. जे उरेल ते मालकाच्या वितीने मोजायचं आणि प्रत्येक वितीला एकेक शब्द म्हणायचा: पाहुणे, मासे, चिखल, भांडण. शेवटची वीत ज्या शब्दावर पडेल तो त्या नावेचा जन्मभराचा सोबती.

कणा मोजायच्या सकाळी शकुनाच्या पिवळ्या चिकट भाताचं ताट तयार होतं, बिस्मिल्ला म्हणून झालं होतं, आणि कासफुलने ऐटीत हात पसरले. तो इतका लांबुडका होता की धक्क्यावरच्या बायका मांजर छपरावर अडकलं तर शिडी न शोधता त्यालाच हाक मारत. सहा वाव भरले. मग वीत. पाहुणे, मासे, चिखल, भांडण. लाकूड संपलं.

"पुन्हा मोजा," कासफुल म्हणाला.

पुन्हा मोजलं. भांडण.

"आता मी छाती फुगवतो."

"फुगव," जुलाक म्हणाला. छाती फुगवून, बोटं ताणून मोजलं, तर तीनच विती भरल्या आणि चिखल आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जमलेले लोक पिवळ्या भाताकडे बघून गंभीर राहायचा प्रयत्न करत होते.

"जुलाक, लाकूडच थोडं कापून टाका ना."

"सहा महिने वाट बघितली तेव्हा हे उलीनचं लोखंडी लाकूड आलं. तुझ्या हातांपायी मी त्याची शेपटी तोडू?" म्हाताऱ्याने डोळे बारीक करून सगळ्यांवरून नजर फिरवली. "रुफा, इकडे ये. नाव तुम्हा दोघांची ना? पसर हात."

मसरुफा उंचीने नवऱ्याच्या छातीला लागायची. तिने भात लागलेले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि पसरले. आठ वाव झाले, आणि वर बरोबर एक वीत.

"पाहुणे," जुलाक म्हणाला आणि वाकून खडूची रेघ मारली. "झालं. कणा हिच्या मापाचा. कणा ज्याच्या मापाचा, त्याच्याच मापाची सगळी नाव. चालेल?"

कासफुलने मान डोलावली. त्याला वाटलं, हा विधी आहे, विधीला काय होतंय. शिवाय भात निवत होता. असल्या माना डोलावूनच माणसं जन्मभराची वचनं देऊन बसतात.

जुलाकने मात्र शब्द शब्दासारखा घेतला. पायरीची उंची मसरुफाच्या नडगीइतकी. कठडा तिच्या कोपराला येईल तिथे. बाकाची रुंदी ती मांडी घालून बसेल तेवढी. दर दोन दिवसांनी तो तिला बोलावून घेई, खांद्याला धरून अर्ध्या बांधलेल्या फळ्यांत उभी करी, आणि पेन्सिल कानामागे ठेवून विचारी, "इथून काय दिसतंय?"

"तुमचा कुत्रा."

"आणि आता?"

"कुत्रा आणि नदी."

"मग आता बरोबर आहे," असं म्हणून तो खूण करी.

स्वयंपाकघर त्याने मागून उचललं आणि पुढच्या बाजूला, नावेच्या पोटात खोल बसवलं. वरचा मजला उंच केला असता तर नाव वाऱ्याने डुलली असती आणि नदीच्या अरुंद फाट्यातल्या फांद्या छपराला अडकल्या असत्या, म्हणून त्याने जमीनच खाली नेली, थेट कण्याजवळ. मसरुफाच्या डोक्यावर एक वीत मोकळी सोडली आणि तिथे तुळई टाकली. खिडकी तिच्या डोळ्यांसमोर आली, आणि खिडकीचा खालचा काठ पाण्यापासून हातभर. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यासाठी कोणी काही मोजून केलं होतं. एवढं सगळं उंच लोकांच्या मापाचं असलेल्या जगात ते तिला फार आवडलं, आणि ती ते लपवतही नव्हती.

इथे सगळं सुरळीत झालं असतं, पण कासफुल एक दिवस धक्क्यावर गेला आणि कोणाची तरी नवी नाव बघून आला. पुढचा भाग काचेने बंद, आत गार हवा, गादीवर पांढरी चादर, चादरीवर टॉवेलचा केलेला हंस. त्या हंसाने त्याची झोप उडवली. दुसऱ्या दिवशी मसरुफा जुलाकला जेवणाचा डबा घेऊन गेली तर नवरा आधीच तिथे, ताकाला जाऊन भांडं लपवत उभा.

"जुलाक, समजा. नुसतं समजा हं. पुढची जागा काचेने बंद केली तर?"

"तर काय?"

"तर आत गार हवा सोडता येईल."

"नदीवर वारा संपला का?"

"पाहुण्यांना घाम येतो हो."

"घाम येणार नाही असं जंगल पाहिजे असेल तर त्यांनी भिंतीवर चित्र लावावं." जुलाकने रंधा फिरवला. "आणि गार हवेचं जनित्र चालणार धडधड. जनावर काय, झाडंसुद्धा काठ सोडून मागे सरकतील."

मसरुफाने डबा खाली ठेवला. "आणि स्वयंपाकघर कुठे जाणार?"

"मागे. जरासंच मागे. इंजिनाजवळ." कासफुल तिच्याकडे न बघता म्हणाला. "तिथे बरं असतं. ऊब राहते."

"ऊब," मसरुफा म्हणाली. "हो बाई, कुमाईत थंडीने माणसं गारठतात."

"रुफा, ऐक ना. जोगजा शहराच्या बू वेनिंग येणार आहेत. पाहुणे त्या पाठवतात. त्यांना नाव पटली तर हंगामात वीस फेऱ्या. नाही पटली तर नाव धक्क्याला बांधायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच तिला जास्त राग आला. वीस फेऱ्या म्हणजे काय हे तिला कोणी समजवायची गरज नव्हती. पण नवरा नाव झाडात असताना दिलेलं वचन असं टॉवेलच्या पक्ष्यासाठी मोडेल, हे तिला वाटलं नव्हतं.

"मी बावीस वर्षं तेलात ओरांगउटान बघितले," ती म्हणाली. "आता मला ते झाडावर बघायचेत. काच लावा, हंस बसवा, मोर बसवा. माझ्या खिडकीच्या मागे काय ते करा."

"जुलाक, तुम्हीच सांगा हिला."

जुलाकला एक सोयीचा बहिरेपणा होता. तो अशा वेळी दोन्ही कानांत एकदम उतरत असे. त्याने डबा उघडला, सांबलची तिखट चटणी हुंगली, आणि मरळीचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "मापं तिची. तिला विचार." त्यानंतर कासफुलने आणखी तीनदा विषय काढला, पण पालथ्या घड्यावर पाणी. काच काही बसली नाही.

नाव पाण्यात उतरली त्या दिवशी कासफुलने सकाळपासून दुपारपर्यंत पाच तुळयांना कपाळाने सलाम केला.

"मी या नावेचा मालक आहे ना?" त्याने टेंगूळ चोळत विचारलं.

"वाकून राहिलास तर आहेस," जुलाक म्हणाला.

"आणि ते हॉलंडचे पाहुणे? ते माझ्याहून वीतभर उंच. त्यांनी काय करायचं?"

"डोकं आपटलं की माणूस खाली बसतो. सगळे बसले की नाव स्थिर. नाव स्थिर तर पाणी शांत. पाणी शांत तर जनावर पळत नाही." म्हाताऱ्याने हात झटकले. "उभे राहणारे पाहुणे असतील तर ते बंदरात ठेव. तिथे बोटी बघत उभं राहता येतं."

वेनिंगबाई जूनमध्ये आल्या. बू म्हणजे बाई. पन्नाशीच्या, बारीक, केस आखूड कापलेले, आणि हातात एक वही. कासफुलला वाटलं होतं त्या आल्या आल्या गादी दाबून बघतील. त्यांनी गादीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वरच्या मजल्यावर सगळ्या बाजूंना पाच पाच मिनिटं बसल्या आणि मग प्रश्न विचारायला लागल्या.

"दुपारचं ऊन कुठल्या बाजूने येतं?"

"ऊन? त्याची सोय होईल, बू."

"पाऊस तिरका आला तर माणसं कुठे सरकणार?"

"सोय होईल."

"चिखलाचे बूट कुठे वाळवायचे? झोपलेल्या माणसाच्या नाकाजवळ नको."

"सोय होईल, बू. सगळी सोय होईल."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. कासफुलला आशा होती की ते ऊन-पावसाबद्दल असेल. खाली मसरुफा केळी कापत सगळं ऐकत होती. तिने मान वर करून छताला सांगितलं, "पाऊस तिरका आला तर कठड्याखालची ताडपत्री सोडतात. बुटांचा खण इंजिनावर आहे, तिथे तासाभरात कडकडीत वाळतात. ऊन दुपारी उजवीकडून, म्हणून जाताना बाक डावीकडे लावायचे आणि येताना उजवीकडे." मग वर वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

मोठ्या नदीचं गढूळ पाणी मागे पडलं आणि नाव काळ्या पाण्याच्या फाट्यात शिरली. इथे दोन्ही काठ जवळ येतात. जुलाकने इंजिन पार मागे, जाड फळ्यांच्या पेटीत बसवलं होतं, त्याचा आवाज पुढे येईपर्यंत भांड्यावरच्या झाकणासारखा थडथडत असे, त्यापेक्षा जास्त नाही. वेनिंगबाई पाणी मागायला म्हणून खाली उतरल्या. पेला घेतला, पाणी प्यायल्या, आणि वर जायचं विसरल्या.

"इथे बसू का, अचिल?" त्यांनी विचारलं. अचिल म्हणजे मावशी. जोगजाच्या असल्या तरी इथला शब्द त्यांनी उचलला होता.

"तांदळाच्या पोत्यावर बसा. दुसरं काही नाही."

त्या बसल्या. मसरुफाला आधी संकोच वाटला, मग कामाच्या नादात ती विसरली. केळी पिठात बुडवायची, तेलात सोडायची, उलटायची, आणि मधल्या वेळात समोर बघायचं. खिडकीतून काठ सरकत होता. निपा ताडाचे झाप, त्यांच्या बुडाशी चिखलात बसलेला खंड्या, उलटी पडलेली एक जुनी होडी. पाण्याच्या इतक्या जवळून की हात बाहेर काढला असता तर बोटं भिजली असती.

आणि मग केवड्याच्या झुडपात काहीतरी लालसर हललं. आधी तिला वाळलेला झाप वाटला. झापाला हात होता. तो लांब हात एक कोवळी पात उपसत होता, तिचं पांढरं बूड सोलत होता, आणि हाताच्या मागे, पोटाशी घट्ट धरलेलं, दोन्ही कान बाहेर आलेलं एक पिल्लू होतं. आईने पात चावली, खाली वाकली, आणि खिडकीकडे पाहिलं. नावेपासून दोन वावांवर.

मसरुफाच्या कढईतलं तेल जागचं हललं नाही. वर पळापळ नव्हती, ओरडणं नव्हतं. वर फक्त कासफुल सुकाणू धरून बसला होता. तिने झारा तसाच हातात धरला. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींसाठी वेळ नव्हता, कारण तिला बघायचं होतं. ते पिल्लू बघत होतं तसंच, डोळे न मिटता. नाव हळूहळू पुढे सरकली, आई आणि पिल्लू खिडकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेली, आणि मग केवडा आड आला. केळी पार काळी झाली होती.

"जळाली हो," ती म्हणाली.

"जळू दे," वेनिंगबाई म्हणाल्या. त्यांची वही कधीची मिटलेली होती.

दुपारी कासफुलने एका झुकलेल्या झाडाला नाव बांधली आणि इंजिन बंद केलं. जेवणाचं काय झालं ते बघायला तो शिडीच्या तोंडाशी आला, वाकला, तरीही आपटला. खाली वेनिंगबाई अजून पोत्यावरच होत्या.

"मी या कामात तीसएक नावा बघितल्या," त्या म्हणत होत्या. "बांधणारे सगळे पाहुण्याला उंच बसवतात. राजासारखा. राजाला काय दिसतं? लोकांची डोकी आणि झाडांचे शेंडे. ही एवढी एकच जागा बघितली जिथे बसलं की आपण नदीत बसलोय असं वाटतं. सावली आहे, पाठीला भिंत आहे, कोणी बडबडत नाही, आणि हाताशी गरम खायला आहे."

"जुलाक सरकानीची कृपा," मसरुफा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"पाक कासफुल," बाई म्हणाल्या. पाक म्हणजे राव. "तुम्ही पण ऐका. वीस फेऱ्या तुमच्या. कदाचित जास्तही. फक्त एक बदल करा." त्यांनी हाताने ती छोटीशी जागा दाखवली. "ही जागा पाहुण्यांना द्या. इथे चार बैठ्या खुर्च्या बसतील. याच जागेसाठी लोक वर्षभर आधी पैसे भरतील. स्वयंपाकघर मागे न्या, इंजिनाजवळ. सगळ्यांचं तिथेच असतं."

मसरुफाने ताटात भात वाढायला घेतला होता. तिचा हात थांबला. जागा वाईट झाली असती तर ती तिची राहिली असती. चांगली झाली म्हणून जाणार होती. तिला बाईंचा राग आला नाही. बाईंनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. तिने मनात हिशेब सोडून दिला आणि स्वतःला समजावलं, की बावीस वर्षं झाली, आणखी होतील. आज एकदा तरी दिसलं ना. ती "बरं" म्हणणारच होती.

"ती जागा गेलेली आहे, बू," कासफुल शिडीवरून म्हणाला.

"कोणाकडे?"

"हिच्याकडे."

वेनिंगबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. शिडीच्या तोंडातून त्याचा फक्त चेहरा दिसत होता, उलटा, आणि कपाळावर दोन टेंगळं. "मी वीस फेऱ्यांचं बोलतेय."

"ऐकलं मी. वर काय सांगाल ते करतो. काच लावतो, हंस करायला शिकतो, पाहुण्यांना पंख्याने वारा घालतो. खालची जागा सोडून बोला."

"कारण तरी सांगा."

कारण सांगायची कासफुलला सवय नव्हती. "सकाळी केळी जळल्याचा वास आला," तो म्हणाला. "बावीस वर्षांत हिच्या हातून एक केळं जळलं नाही. मी सुकाणू न सोडता शिडीच्या तोंडातून वाकून बघितलं, काय झालं म्हणून. हिचं तोंड दिसलं मला." त्याने कपाळ चोळलं. "तर ती जागा गेलेली आहे."

मग वेनिंगबाईंनी वही उघडली. त्या वाईट बाई नव्हत्या, पण त्यांना पाहुण्यांना उत्तर द्यायचं होतं. "मग वीस नाही जमणार. वरची नाव चांगली आहे, बाकीच्यांसारखीच चांगली. आठ देते."

"आठ," कासफुल म्हणाला.

त्यांनी लिहिलं, आपलं ताट उचललं, आणि शिडीच्या पायरीवर पाय ठेवताना थांबून सांबल आणखी एक चमचा घेतलं. मग त्या वर गेल्या.

कासफुल खाली उतरला. मसरुफा झारा घासत होती. तो झारा केव्हाच स्वच्छ झाला होता.

"आठ फेऱ्या," ती म्हणाली. "म्हणजे बारा फेऱ्यांइतका नवरा हंगामभर घरात. तो मी कुठे ठेवू?"

"छपरावर. मांजरं उतरवीन."

ती हसली, आणि मग हसणं आवरेना. तो नवरा तिला त्या क्षणी इतका आवडला की त्याला काहीतरी तिखट बोलल्याशिवाय तिला राहवलं नसतं, पण काही सुचलं नाही. ती खिडकीपाशी जराशी सरकली. तेवढी जागा बघून कासफुल पुढे आला. उभ्याने त्याला खिडकीच्या वरची फळीच दिसत होती. कमरेत वाकून बघितलं, तरी जमेना. शेवटी त्याने गुडघे टेकले, तेव्हा त्याचे डोळे तिच्या डोळ्यांच्या बरोबरीला आले.

"सकाळचं जनावर कुठे होतं?" त्याने विचारलं.

"मागे, केवड्यात. पिल्लू घेतलेली आई. गेली ती."

"मग आता काय बघायचं?"

"थांबा जरा. घाई करू नका."

तो थांबला. काळ्या पाण्यात झाडं उलटी उभी होती. एक कासव ओंडक्यावर चढलं आणि विचार बदलून परत उतरलं. वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा आवाज झाला. तिने कासफुलकडे पाहिलं. तो लहान मुलासारखा नाक फळीला लावून बसला होता.

"रुफा," तो म्हणाला, "याच काठाने मी हजार वेळा नाव नेली असेल."

"असेल ना."

"काठ कधी बघितलाच नाही. वरून ओरडायचे, डावीकडे, उजवीकडे. मी मान कशी वळवू? मी समोर पाण्यातले ओंडके बघत होतो. एक चुकला असता तर सगळे पाण्यात."

मसरुफाच्या हातातला झारा खाली आला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपण एकटी सोडून नावेवरचे सगळे बघतायत. तिने कधी त्याला विचारलं नव्हतं. त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. वर वेनिंगबाईंच्या चमच्याचा ताटावर आवाज होत होता, आणि इथे भात गार होत होता.

"डावीकडे बघा," ती हळूच म्हणाली, आणि त्याने मान वळवली.